सहावा ट्रे

कमळनं मिरचीचं आणखी एक रोप चिमटीत धरून उपटलं. देठ बुडाशी काळा, मऊ पडला होता. शेजारच्या पाच ट्रेंमधली रोपं मात्र चांगली बोटभर वाढली होती.

बाहेर वानरं काही ठेवत नाहीत, म्हणून यंदा तिनं सहाही ट्रे घरातच खिडकीखालच्या बाकावर मांडले होते. बाकाच्या टोकाला तिच्या नवऱ्याची, दयारामची खाट. श्रावणात त्याची उजवी बाजू गेली. डावा हात शाबूत होता, पण तोही त्यानं उचलायचं सोडलं. कमळ पाणीसुद्धा चमच्यानं पाजायची. काही विचारलं की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा.

बियाणं बोर्लीच्या पूनमच्या रोपवाटिकेतलं; रोपं वाढवून मजुरीवर तिलाच द्यायची. रोपं धड झाली नाहीत तर पुढच्या खेपेला काम दुसरीकडे देईन, असं तिनं स्पष्टच सांगितलं होतं.

कमळनं माती बदलून पाहिली. मग ट्रेंच्या जागा बदलल्या. खाटेजवळ आणलेला चांगला ट्रे आठ दिवसांत माना टाकू लागला आणि तिथून हलवलेल्यातली वाचलेली रोपं तरारली. पूनमनं फोनवर सांगितलं, पाणी जास्त होतंय. कमळला राग आला. पाणी तीच घालायची, सकाळी एकदाच, बेतानं.

मंगळवारी ती दळण घेऊन गिरणीवर गेली. वीज नव्हती, म्हणून तशीच परतली आणि दारातच थांबली.

दयाराम कुशीवर वळला होता. डाव्या हातात उशाजवळचा पेला थरथरत होता. अर्धं पाणी चादरीवर सांडत होतं, अर्धं रोपांवर. पेला रिता झाल्यावर त्यानं एका रोपाची मान बोटानं सरळ केली. ती पडली. त्यानं पुन्हा केली.

कमळ मागे सरकली. डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं उठली आणि चपला मुद्दाम आपटत आत गेली. चादर कशी भिजली, हे तिनं विचारलं नाही.

संध्याकाळी पूनमचा फोन आला.

"पाच ट्रे ने," कमळ म्हणाली. "सहावा न्हाय मिळायचा."

"कशानं जातायत, सापडलं का काकी?"

कमळ खाटेजवळच्या ट्रेमध्ये नवं बी टोचत होती. दयारामची नजर तिच्या बोटांवर होती.

"न्हाय गो," ती म्हणाली.