खरखर माझी नव्हतीच!

मित्रांनो, मी एक जुना रेडिओ आहे. कपाटावर आरामात बसणारा नव्हे हं, मोटारीतला! दोन गोल बटणं, मधे काचेची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा लाल काटा. एवढासा जीव, पण आवाज खणखणीत. तरीही एक वर्ष असं आलं, की घरातले सगळे मला 'खरखऱ्या' म्हणायला लागले. ती गोष्ट कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय मला!

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या एका बाईंनी माझ्या तारा जोडल्या आणि तपासणीसाठी बटण फिरवलं. माझ्यातून पहिला आवाज बाहेर पडला तो कोणाच्या तरी खळखळून हसण्याचा. त्या बाईही हसल्या. तिथून मी आजोबांच्या गाडीत आलो.

आजोबा धंद्यानं पेंटर. दारं, खिडक्या, दुकानांच्या पाट्या, सगळं रंगवायचे. त्यांची सूनबाई शेजारच्या गावात शाळेत गाणं शिकवते. सकाळी गाडी तीच चालवते आणि वाटेत आजोबांना कामावर सोडते. सात वाजता आम्ही भर हमरस्त्यावर असतो. सातच्या बातम्या मी द्यायच्या, आजोबांनी त्यांवर टीका करायची आणि सूनबाईनं गालात हसायचं, असं आमचं वर्षानुवर्षं चाललं होतं. "हा रेडिओ म्हणजे घरचा माणूस," असं आजोबा येईल त्याला सांगायचे.

मग आजोबांनी गाडीला रंग द्यायचं मनावर घेतलं. दुसऱ्याच्या हातात ब्रश देतील तर ते आजोबा कसले! दिवे काढले, बंपर काढला, पुढच्या पत्र्यावरची, माझ्यासाठी आवाजाच्या लहरी पकडणारी एरियलची काठीसुद्धा काढली. "जिथे आपल्याला दिसत नाही, तिथेच आधी गंज लागतो," असं म्हणून त्यांनी प्रत्येक वस्तूच्या खालीसुद्धा रंगाचे दोन-दोन हात दिले आणि सगळं पुन्हा बसवलं. गाडी अशी झळकली की रस्त्यावरची माणसं वळून बघायची.

आणि माझ्यामागे मात्र शुक्लकाष्ठ लागलं. इंजिन सुरू झालं रे झालं, की माझ्यातून टक-टक-टक-टक, खर्रर्र! गाडी पळाली की खरखरही पळायची. इंजिन बंद केलं की मी पुन्हा शहाण्यासारखा बोलायचो. पण लक्षात कोण घेतो? "म्हातारा झाला आता," म्हणत ज्यानं त्यानं यावं आणि माझ्या डोक्यात टपली मारून जावं! मला असा राग यायचा म्हणून सांगू!

तेवढ्यात घरात एकच जल्लोष झाला. आजोबांच्या धाकट्या लेकीची रेडिओ केंद्रावर निवड झाली होती. सोमवारपासून सकाळी सातच्या बातम्या तीच वाचणार होती! आजोबा तर अंगणात अक्षरशः नाचले. नाचता नाचता थबकले आणि म्हणाले, "अरे, पण आम्ही तर तेव्हा गाडीत. या खरखरीत मला पोरीचा आवाज कसा ऐकू यायचा?"

"एक दिवस गाडी थांबवून ऐकाल, रोज कुठे थांबणार?" आजोबांचा मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, म्हणाला. "मी नवा रेडिओच आणतो."

रविवारी त्यानं खरोखरच नवा रेडिओ आणला. मला उपटून मागच्या सीटवर टाकलं आणि माझ्या जागी त्या चकचकीत पाहुण्याला बसवलं. मी श्वास रोखून पडून होतो. सूनबाईनं इंजिन सुरू केलं, आणि काय सांगू मित्रांनो! टक-टक-टक-टक, खर्रर्र! अगदी तश्शीच! तोंड असतं तर मी शिट्टी मारली असती.

मुलाचा चेहरा पडला. सूनबाईचे डोळे मात्र चमकले. तिनं अ‍ॅक्सिलरेटर दाबला, सोडला, पुन्हा दाबला. "ऐकलंत? ठेका इंजिनाचा आहे. इंजिनातल्या ठिणग्याच वाजताहेत. पण आत शिरतात कुठून?"

तिनं पाहुण्याच्या पाठीतली एरियलची वायर उपटली. चिडीचूप! पुन्हा खोचली. खर्रर्र!

"एरियल गेली! आत्ता नवी आणतो," म्हणत मुलगा उठलाच.

"अहो, दम धरा जरा! दुकान पळून चाललंय का?" ती म्हणाली. "खरखर सुरू कधी झाली, ते आठवा."

"गाडी रंगवल्यापासून," मुलगा म्हणाला आणि हळूच वडिलांकडे बघायला लागला.

सूनबाईनं एरियलचा नट सैल करून काठी उचलली. खाली रंग, जाड आणि गुळगुळीत. एरियलची धातूची बैठक गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकलेली असली, तरच ठिणग्यांचा उपद्रव बाहेरच्या बाहेर अडतो. इथे मधे रंगाची भिंत! तिनं काठी परत ठेवली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक बैठकीला टेकवून रंगात रुतवलं. टोक पत्र्याला लागलं आणि खरखर गप्प! उचललं, की सुरू. टेकवलं, की गप्प!

"सापडलं!" सूनबाई ओरडली. मुलानं टाळ्या वाजवल्या. मागच्या सीटवर मी आनंदानं वेडा झालो होतो.

आजोबांनी त्या गुळगुळीत रंगावरून बोट फिरवलं. "म्हणजे माझ्याच रंगानं माझ्या पोरीचा आवाज अडवला होता," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही मायेनंच दिला होतात रंग," सूनबाई म्हणाली.

गाडीवर नखाचा ओरखडाही न खपवणारे आजोबा! त्यांनी स्वतः पॉलिश पेपर घेतला आणि त्या जागेचा रंग घासून काढला. आतला पत्रा रुपयासारखा लखलखला. काठी बसली, इंजिन सुरू झालं आणि पाहुणा स्वच्छ गायला लागला. आता मला कोण विचारतंय?

"त्याला उतरव," आजोबा मुलाला म्हणाले.

"बाबा! आत्ताच तर बसवलाय."

"बसवलास तसाच उतरव. दोष नसताना घरच्या माणसाला बाहेर काढलंय आपण."

मित्रांनो, मी रडलो हो! मुलानं कुरकुरत का होईना, मला माझ्या जागी बसवलं आणि पाहुणा दुकानात परत गेला.

सोमवार उजाडला. गाडी हमरस्त्याला लागली, सात वाजले आणि मी तिचा आवाज उचलला. किंचित कापरा, पण स्वच्छ. "नमस्कार," ती म्हणाली, आणि तिनं स्वतःचं नाव सांगितलं.

"माझी पोरगी!" आजोबा एवढ्यानं ओरडले, की पहिली बातमी कोणालाच ऐकू आली नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी कुरकुरलं, मग ती वस्तू असो की माणूस, तर टपली मारू नका आणि भंगारातही टाकू नका. आधी शोधा, की त्याला त्रास कुठून होतोय. मला शोधणारे भेटले, म्हणून आजोबांची लेक आता रोज सकाळी सात वाजता आमच्या गाडीत येते. आणि आजोबा अजूनही तिच्या नमस्काराला हात जोडून मोठ्यानं नमस्कार म्हणतात.