अठरा पॉइंट सहा

सव्वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंची झोप दीड महिन्यापूर्वी तास ऑनलाइन झाल्यापासून उडाली होती. वर्गात पाठमोऱ्या असल्या तरी कोण चुळबुळ करतंय ते त्यांना कळायचं. ऑनलाइन तासाला मात्र समोर बंद कॅमेऱ्यांचे एक्केचाळीस काळे चौकोन आणि बेचाळिसाव्यात त्यांचाच घाबरलेला चेहरा. मुख्याध्यापिकांनी स्पष्ट सांगितलं होतं की शुक्रवारच्या तासाला त्या स्वतः येतील. जमलं नाही तर दहावीचा वर्ग शाळेतल्या तरुण सरांकडे.

स्वतःचा चौकोन बंद करून फोन प्रयोगावरच रोखायचा, हे सुचवलं सुनेनं. "मुलांना तुमचं तोंड कशाला, आई? मी बघते ते पुरे आहे." बाई कितीतरी दिवसांनी हसल्या.

शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर स्टँडला ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी, उभी होती. बाईंनी खालच्या आम्लात थेंब थेंब अल्कली सोडली. द्रावणाला फिकट गुलाबी रंग येताच तोटी बंद केली, वाकून नळीतली पातळी वाचली. अठरा पॉइंट चार. मग मुलांनाही वाचायला सांगितली.

लॅपटॉपवरच्या चॅटमध्ये भराभर आकडे उमटले. १८.६. १८.६. पुन्हा १८.६.

मुख्याध्यापिका बघत होत्या. आपला आकडा गुपचूप बदलणं सोपं होतं. "माझं अठरा पॉइंट चार आलंय," त्या म्हणाल्या. "फरक कशामुळे, सांगा."

आजवर एकदाही माइक न उघडलेली एक मुलगी म्हणाली, "बाई, फोन पातळीच्या खाली आहे. आम्ही खालून बघतोय, म्हणून जास्त दिसतंय."

बाईंनी फोनखाली चार जाड पुस्तकं सारली. धडाधड १८.४ आले.

"म्हणजे आम्ही सगळे चूक आणि बाई एकट्या बरोबर?" एकानं कुरकुर केली.

"नेहमीचंच आहे," दुसरा म्हणाला. एकेक कॅमेरा उघडू लागला.

प्रयोगशाळेत ही नळी पहिल्या बाकावरच्यांनाच दिसायची. बाकीचे त्यांचं बघून लिहायचे. आज एक्केचाळीस जणांनी ती आपापल्या डोळ्यांनी वाचली होती. बाईंना खुर्चीत बसवेना.

मुख्याध्यापिकांनी घसा खाकरला. "बाई, दहावी तुमच्याकडेच..."

"ते नंतर बोलू, मॅडम. अजून बारा मिनिटं आहेत," बाई म्हणाल्या आणि ब्युरेट शून्यापर्यंत भरायला घेतली.