हातगुणे सरांची काचकांडी

सकाळी अकराला तिसऱ्या प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. रसायनशास्त्र विभागात एवढी माणसं एकत्र मी दोनच प्रसंगी पाहिली आहेत. एकदा आग लागली तेव्हा, आणि हातगुणे सर स्फटिक बोलावतात तेव्हा. आगीला जरा कमी होती.

पहिल्या वर्षाची मुलं बाकांवर चढली होती. त्यांच्यापुढे संशोधक, त्यांच्यापुढे प्राध्यापक, आणि सगळ्यांच्या पुढे विभागाची टायपिस्ट. बर्फात ठेवलेल्या चंबूत कुणा संशोधकाचं दोन वर्षांचं द्रावण होतं. काही केल्या त्यातून घन पदार्थ बाहेर पडत नव्हता.

सर आले. दोन्ही तळहातांवर तोलून त्यांनी काचकांडी आणली होती. काचकांडी म्हणजे द्रावण ढवळायची वीतभर काडी. माझ्या भांडारात अशा तीनशे आहेत आणि मुलं त्यांनी पाठसुद्धा खाजवतात. पण ही सरांची, मखमलीच्या पेटीतली.

"स्फटिक म्हणजे हट्टी मूल," सर म्हणाले. "ओरडलात, लपलं. ढोसलंत, रुसलं. ओळखीच्या माणसानं हाक मारली की येतं. माझं यात काही नाही हं, हात फक्त निमित्त! शंका असलेल्यांनी बाहेर थांबा. द्रावणाला त्रास होतो."

कुणी हललं नाही. पीएच.डी. झालेली सात माणसं तिथे होती. त्यांनीही चेहऱ्यावर शंका दिसत नाही ना, याची काळजी घेतली.

सरांनी कांडी चंबूत घालून आतून काच घासली. "ये... ये बाळा..." आणि आलं की! आधी धुक्यासारखा एक ठिपका, मग पांढऱ्या सुयाच सुया. टाळ्या पडल्या. परवा परीक्षा असलेल्या मुलांनी सरांच्या हाताला पेनं लावून घेतली. एकानं कॅलक्युलेटर लावला.

मी या विभागाचा भांडारपाल. एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना काचसामान देतो आणि वहीत लिहितो. कोण कोणत्या वर्षाला आहे, हे मागणीवरून सांगतो. पहिल्या वर्षाचा पिपेट नेतो आणि तुकडे आणतो. तिसऱ्या वर्षाचा शेजाऱ्याच्या नावावर नेतो. एम.एस्सी.चा नेतो आणि कपाटात दडवतो. संशोधक पाचव्या-सहाव्या वर्षी काहीच मागत नाही, नुसता येऊन माझ्या स्टुलावर बसतो.

ताई चार महिने त्या स्टुलावर बसत होती. वयानं तशी लहानच, पण सहा वर्षं विभागात काढल्यावर तिला सगळेच ताई म्हणायला लागले होते. तिनं एक नवा पदार्थ बनवला होता, पण तो तेलकट, मधासारखा. क्ष-किरणांनी त्याची रचना बघायची तर स्फटिकच लागतो. तिची नोंदणी महिनाअखेर संपत होती. प्रबंधाचा मसुदा बाहेरच्या परीक्षकांनी परत पाठवला होता, दोन ओळी लिहून: रचना सिद्ध करा. स्फटिक कसे मिळवले ते असं लिहा, की दुसऱ्याला करता यावं. नाहीतर मान्यता नाही, सहा वर्षं पाण्यात.

पहिलं सोपं होतं. विभागप्रमुख तिचे मार्गदर्शकही होते. ते म्हणाले, "सरांकडे थोडं द्रावण दे आणि मोकळी हो."

सरांचे नियम ठरलेले होते. थोडं द्रावण तीन आठवडे त्यांच्या बंद कपाटात, 'ओळख व्हायला'. कांडी कधी धुवायची नाही. आणि कसं होतं ते विचारायचं नाही, विचारलं की गुण जातो. त्या बदल्यात लेखावर सरांचं नाव.

तीन आठवड्यांनी सर म्हणाले, "झाली ओळख. सोमवारी बोलावू."

"सर," ताईनं विचारलं, "कृतीत काय लिहू?"

"लिही, स्फटिक मिळाले."

"कसे?"

"अगं, तेच म्हणतोय. विचारू नको."

विभागप्रमुख मध्ये पडले. "एकोणीस लेख असेच छापून आलेत ताई. तुलाच काय अडलंय?"

"परीक्षकांनी विचारलंय सर."

"मग त्यांना बोलाव सोमवारी. बघतील."

ती येऊन स्टुलावर बसली. पहिल्या वर्षाच्या बाई ब्युरेट परत करायला आल्या होत्या. बाई तेवीस वर्षं एकच वर्ग शिकवतात आणि दर वर्षी ऐंशी मुलांना तेच सांगतात: कांडी धुवा, पुसा, मग वापरा. आवाज कायमचा बसला आहे. वरच्या मजल्यावरचे लोक त्यांना रसायनशास्त्रात धरत नाहीत.

ताईचं ऐकून बाई माझ्याकडे वळल्या. "काका, सर तुमच्याकडून नेतात काय?"

मी वही उघडली. "चाळीस छोट्या नळ्या. नऊ प्रकारचे द्रावक, थोडे थोडे. बर्फ. तीन आठवड्यांनी नळ्या परत. धुतलेल्या, एकही फुटलेली नाही."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"जो हाक मारून बोलावतो, त्याला चाळीस नळ्या कशाला लागतात हो?"

चौदा वर्षं मी ते लिहीत होतो. लिहीत होतो, वाचत नव्हतो. आता वाचायला बसलो तर आणखी एक निघालं. द्रावण देणारे एकतीस, बोलावणं झालं एकोणीस वेळा. बाकीच्या बारा जणांना सर म्हणाले होते, 'तुमच्या मनात शंका आहे.' त्यातली एक याच स्टुलावर रडली आणि संशोधन सोडून गेली. सरांचा हात एकदाही चुकला नाही असं सगळे म्हणत, ते खरंच होतं. जिथे चुकला असता तिथे त्यांनी तो लावलाच नव्हता.

बाईंनी मग सोमवारी काय करायचं ते सांगितलं. ताई बोटांवर दिवस मोजायला लागली.

"बाई, सर रागावून निघून गेले तर? नऊ दिवस उरलेत माझे."

"जाऊ शकतात. मी तुला जोर करणार नाही. गप्प बसलीस तर स्फटिक नक्की मिळेल."

"आणि कृती?"

"ती नाही मिळणार."

ताईनं कपाळ चोळलं. "मग काय उपयोग? चला, होऊ दे."

सोमवारी पुन्हा तीच गर्दी. फरक एवढाच, की बर्फात दोन चंबू होते. ताईनं द्रावण निम्मं-निम्मं केलं होतं.

"दोन कशाला?" सरांनी विचारलं.

"एक फुटला तर?" ताई म्हणाली. विभागप्रमुखांनी मान डोलावली.

सरांनी पेटी उघडली, तशा बाई पुढे आल्या. "सर, एक विचारते. गुण हातात आहे की कांडीत?"

"हातात!" सर हसले. "कांडी म्हणजे काय, काच."

"मग ती धुवून देते."

हशा पिकला. "बाई, तुमचा वर्ग खाली आहे," विभागप्रमुख म्हणाले. "टायट्रेशन घ्या तुम्ही."

"घेतेच आहे. न धुतलेल्या कांडीचे मी मुलांचे गुण कापते. ती मुलं वर उभी आहेत आणि बघतायत. त्यांना काय सांगू?"

बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "माझे दोन कापलेत!"

सर म्हणाले, "या कांडीला पाणी लागलेलं नाही, बाई. लागायचंही नाही."

"पाणी नाही लावत. ॲसिटोन लावते. गुण तर हातात आहे ना?"

इतक्या लोकांसमोर आत्ताच 'हातात' म्हणून झालं होतं. सरांनी कांडी पुढे केली. जड झाल्यासारखी.

बाईंनी आधी कांडीचं टोक फिल्टर पेपरच्या कोरड्या तुकड्यावर घासलं आणि तुकडा बशीत ठेवला. मग कांडी धुतली, पुसली, उजेडात धरून पाहिली आणि परत दिली.

सरांनी काच घासली. "ये... ये बाळा." पाच मिनिटं झाली. दहा झाली. चंबूत मध तो मधच. सरांच्या कपाळावर मात्र थेंब जमले.

"शंका आहे," ते म्हणाले. "इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे."

"माझ्या आहे," बाई म्हणाल्या. "पण ती चिमट्यात धरून चंबूत घालता येत नाही. हा कागद घालता येतो. काका, तुम्ही टाका बघू."

मी? मी लावलेलं रोपसुद्धा जगत नाही, असं बायको सांगत फिरते. चिमट्यानं तुकडा दुसऱ्या चंबूत सोडला. मिनिट गेलं. कागदाच्या कडेला एक पांढरा केस दिसला. मग दुसरा. मग सगळा चंबू भरून सुया. ताईनं तोंडावर हात धरला आणि भिंतीला टेकली.

आणि तेव्हा टायपिस्ट ओरडली, "अगंबाई! काकांच्या हाताला गुण आहे!"

बाकांवरून एक मुलगा पेन घेऊन माझ्याकडे निघाला. बाई मटकन जवळच्या स्टुलावर बसल्या. तेवीस वर्षांचा थकवा मी एकदम एका चेहऱ्यावर पाहिला.

"थांब रे," त्या म्हणाल्या. "टायपिस्टबाई, तुम्ही या. काकांच्या चंबूतला एक कण सरांच्या चंबूत टाका."

टायपिस्टनं टाकला. तिथेही सुया आल्या.

"आता हिच्याही हाताला गुण का? अरे, दही कसं लावता? दुधात विरजण घालता ना? तेच आहे हे. तयार स्फटिकाची भुकटी पडली की विरघळलेले रेणू तिच्यावर रांगेनं बसतात. कांडीच्या टोकाला भुकटी होती. सर, ती तुम्ही कुठून आणली, ते तुम्ही सांगता की मी सांगू?"

सरांनी खिशातून किल्ली काढली आणि बाईंना नाही, ताईला दिली.

कपाटात चाळीस नळ्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. कोणता द्रावक, किती थेंब, किती थंड, कोणत्या दिवशी काय दिसलं. एकोणचाळीस नळ्यांत मध होता. सव्विसाव्या नळीच्या तळाशी चार बारीक सुया. शेजारी वही. एवढी स्वच्छ वही या विभागात मी दुसरी पाहिलेली नाही.

ताईनं पानं उलटली. "सर, एवढं काम केलंत तुम्ही. हे सांगितलं असतंत तर नाव आनंदानं घातलं असतं."

"सांगितलं होतं," सर म्हणाले. आवाज आता हाक मारणारा नव्हता. "पहिली चार वर्षं प्रत्येकाला सांगत होतो, नळ्या लावा, थांबा, लिहून ठेवा. ऐकलं का कुणी? चाळीस नळ्या धुणाऱ्याला कोण विचारतं? एक दिवस गमतीनं म्हणालो, हातगुण आहे. दुसऱ्या दिवशी दाराशी रांग."

विभागप्रमुखांनी नळ्या मोजायला घेतल्या.

"आणि ते बारा जण?" मी विचारलं. "त्यांच्या मनात शंका नव्हती, सर. तुमच्या नळ्यांत स्फटिक आले नव्हते, एवढंच. ती मुलगी स्वतःला दोष देत गेली."

सरांना शिक्षा वगैरे काही झाली नाही. ते अजून आहेत. आता लोकांना नळ्या लावायला शिकवतात. वर्गाला चार जण येतात.

ताईनं कृती एका पानात लिहिली. पण बाईंनी तेवढ्यावर सोडलं नाही. त्यांनी ते पान दुसऱ्या इमारतीतल्या एका विद्यार्थिनीला दिलं. तिनं ताईला पाहिलेलंही नव्हतं. ताईनं तिकडे फिरकायचंही नाही, असं बजावलं. चौथ्या दिवशी निरोप आला: आले. तोवर क्ष-किरणांनी रचनाही सिद्ध झाली होती. ताईनं मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंध दिला. पुढे परीक्षकांचं पत्र आलं. त्यांच्याकडच्या विद्यार्थ्यानंही पान वाचून स्फटिक काढले होते. मान्यता.

लोक सुधारले म्हणाल, तर तसं सांगवत नाही. दोन मुलं परीक्षेच्या सकाळी अजून माझ्या हाताला पेन लावून जातात. मी लावू देत नाही, तर चोरून लावतात. बारा वर्षं शाळा आणि वर विद्यापीठ, तरी हे. शिकलेला माणूस फसत नाही, असं मानणारा सगळ्यात आधी फसतो, एवढं मी सात पीएच.डी.वाल्यांच्या चेहऱ्यांवर वाचलंय.

म्हणून हात जोडून एवढंच सांगतो. कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्याशी भांडू नका, त्याला शिव्याही देऊ नका. त्याला म्हणा, कृती लिहून द्या. मग ते पान घ्या आणि तो जिथे नाही अशा खोलीत, ज्याला त्याचं नावही माहीत नाही अशा माणसाकडून करून घ्या. झालं, तर ते ज्ञान आहे, सगळ्यांना वाटा. झालं नाही, तर घरी जा आणि आपलं काम करा.