गजावरची खूण

कोटाच्या खिशात हात घालून एल्वुड फेटरॉल्फने डब्या चाचपल्या. तीनच होत्या.

हातमोजा काढून त्याने पुन्हा मोजल्या. प्लास्टिकच्या सहा डब्या, प्रत्येकीत सत्तर ग्रेन, म्हणजे चमचाभर, बंदुकीची काळी दारू. नाताळच्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर चष्मा लावून त्याने स्वतः मापून भरल्या होत्या. आज सकाळी शिकारीच्या कॅम्पच्या ओट्यावर दोन बंदुका ठासल्या, एक लेकीची, एक स्वतःची. सहातून दोन गेल्या की चार उरतात, हे पहिलीतल्या पोरालाही सांगता येईल. दुसऱ्या खिशात रिकाम्या डब्या होत्या. त्याही तीन.

म्हणजे दोनपैकी एका नळीत दुप्पट बार भरला गेला होता.

आधी त्याने स्वतःच्या नळीत बार ठासायचा लांब गज घातला. या कॅम्पात प्रत्येकाच्या गजावर चाकूने कोरलेली एक खूण असते. बार बरोबर भरला आणि गोळी दारूवर नीट बसली, की खूण नळीच्या तोंडाशी येते. दारू जास्त झाली तर गज वर राहतो. एल्वुडची खूण अगदी काठाशी आली. त्याची बंदूक ठीक होती. मग राहिली नॅडीनची, आणि नॅडीन अर्ध्या मैलावर, वरच्या पठारावर ती बंदूक घेऊन बसली होती.

ती बंदूक एल्वुडच्या वडिलांनी हाताने बनवलेली. हलकी, देखणी, पण नळी पातळ. म्हणून तर गेला आठवडाभर त्याने जुन्या खाणीत जाऊन बार ठरवला होता. साठ ग्रेनवर गोळी ऐंशी पावलांपर्यंत पोचता पोचता खाली उतरत होती. ऐंशी ग्रेनवर फळीभर भोकं विखुरत होती. सत्तरवर, तेल लावलेल्या चिंधीत गुंडाळलेली गोल गोळी घातली, की तीन भोकं तळहाताखाली झाकली जात. झालं, सत्तर. पण जावई कर्ट ऐकेल तर शपथ. त्याला लांबट, दुप्पट वजनाच्या गोळ्या हव्या होत्या, आणि त्यामागे शंभर ग्रेन. एल्वुडने त्याच्यासमोर त्या झाडून दाखवल्या. फळीवर आडव्या आदळल्या, चाव्या फेकून माराव्यात तशा. त्या नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा एवढ्या लांब गोळीला पुरेसं फिरवतच नव्हत्या.

तरी हा शहाणा आज सकाळी पुन्हा दोन लांब गोळ्या घेऊन ओट्यावर हजर.

"बाबा, त्या वाटाण्यानं हरिण कानसुद्धा हलवणार नाही."

"तुझ्या गोळीनं मागचं झाड हलेल. हरणाला कळणारही नाही."

"निदान शंभर ग्रेन तरी घाला!"

"बायको तुझी असेल, बंदूक माझ्या बापाची आहे. चल, कॉफी बघ."

कर्ट हसत आत गेला. आणि तेव्हा, एल्वुडला आता लख्ख आठवलं, त्याच्या हातात नॅडीनची बंदूक होती, आणि दारू ओतून झाली होती की ओतायची होती, हे त्याला कळेना. त्याने डबी उघडली आणि ओतली. गज खुणेपर्यंत गेला का, ते बघितलंच नाही. चाळीस वर्षं बघत आला, आणि आज नाही.

तो तसाच चढणीला लागला. घड्याळात पावणेनऊ झाले होते. नऊला त्याचा मेहुणा हार्लन, कर्ट आणि खालची माणसं आरडाओरडा करत दरीतून हाकारा सुरू करणार, आणि हरणं उठून थेट नॅडीनच्या पठारावर जाणार. तिला तिथे बसवलंही त्यानेच होतं, चांगली जागा म्हणून. त्या दरीत फोनला कधी रेंज आली नव्हती.

बर्फ गुडघ्याखाली होता, पण गुडघा सत्तरी ओलांडलेला होता. दर दहा पावलांवर छाती भरून येत होती. पातळ नळी, एकशे चाळीस ग्रेन. फुटेल? कदाचित नाही फुटणार. खांद्याला जबर धक्का बसेल आणि संध्याकाळी सगळे हसतील. पण फुटली तर तिचा डावा हात नळीखाली असतो, आणि गाल दस्त्याला टेकलेला. एल्वुड मोठ्याने म्हणाला, "नको रे देवा," आणि झाडाचा आधार घेत पुढे सरकला.

त्याला भीती फक्त त्या नळीची नव्हती. ऑक्टोबरात तो पेट्रोल भरायला गेला आणि न भरताच घरी आला. एकदा शेगडी चालू राहिली. कुणाला बोलला नाही. कॅम्पात कळलं असतं तर बंदूक कायमची भिंतीवर गेली असती, आणि ते त्याला सोसवलं नसतं. त्या लपवाछपवीपायी आज पोरीचा जीव टांगणीला लागला होता. स्वतःचा असा राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

खालून आरोळ्या सुरू झाल्या. हो-हो-हो! हार्लनचा भसाडा आवाज सगळ्यांच्या वर.

एल्वुड पठाराच्या काठावर आला, तेव्हा हेमलॉकच्या झाडाशी तिचा नारिंगी कोट दिसला. तिच्यासमोर चाळीस पावलांवर चार माद्या आणि एक रुंद शिंगांचा नर उभा होता. असा नर या कॅम्पाने सहा वर्षांत पाहिला नव्हता. नॅडीनने बंदुकीचा घोडा मागे ओढला होता. गाल दस्त्याला टेकत होता.

"नॅडीन! चाप ओढू नको! नको, नको!"

पांढऱ्या शेपट्या उडवत पाचही हरणं झाडीत दिसेनाशी झाली. नॅडीनने बंदूक खाली घेतली, घोडा हळूच पुढे आणला, बार पेटवायची चिमूटभर दारू फुंकून उडवून दिली. मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, काय झालं? बसा आधी. तोंड बघा किती लाल झालंय."

"नळी वर कर. गज दे."

गज दोनदा नळीच्या काठावर आपटला. मग आत गेला. खूण दोन बोटं वर राहिलेली दिसेल, अशी एल्वुडची खात्री होती. पण खूण काठाशी आली. अगदी बरोबर. त्याने गज उचलून पुन्हा सोडला. पुन्हा तिथेच.

"मग तिसरी डबी?" तो पुटपुटला. "तीन रिकाम्या आहेत. तिसरी गेली कुठे?"

नॅडीनने त्याला दंडाला धरून बर्फात बसवलं. मग स्वतः शेजारी बसली.

"माझ्याच बंदुकीत गेली होती. एक कर्ट यायच्या आधी ओतलीत, एक तो गेल्यावर. मी खिडकीतून बघत होते."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही आत गेलात, तेव्हा सरपणामागे जाऊन गॅसच्या छोट्या पंपाच्या दाबानं नळीतला बार बाहेर ढकलला. माझ्या दारूच्या शिंगातून मापून नव्यानं भरला."

सरपणामागच्या बर्फावर काळा डाग त्यानेही पाहिला होता. कुणीतरी चुलीची राख टाकली, असं त्याला वाटलं होतं.

"सांगायचं होतंस, पोरी."

"कर्टसमोर? हार्लनकाकांसमोर?"

एल्वुडने स्वतःच्या बंदुकीकडे पाहिलं. "आणि ही?"

"तीही बघितली. गेल्या वर्षीपासून दोन्ही बघते, बाबा." तिने गज परत जागेवर सरकवला. "मला वाटलं, तुम्हाला कळू न देता चालेल."

झुडपं मोडत कर्ट वर आला. मागून धापा टाकत हार्लन. हा कॅम्पातला सगळ्यात जुना माणूस. ज्याचा नेम चुकेल त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कापायचं आणि नाव नि अंतर लिहून भिंतीवर ठोकायचं, हे काम त्याचं. कात्री खिशातच असते.

"कोण बोंबललं?" कर्ट ओरडला. "तो नर माझ्या अंगावरून गेला! एक बार नाही उडाला!"

"मी घसरले," नॅडीन म्हणाली. "मला लागलं असेल असं वाटून बाबा..."

"खोटं बोलतेय ती," एल्वुड म्हणाला. तो उठला, कोट उघडला, लोकरी सदरा पँटमधून बाहेर ओढला आणि हार्लनकडे पाठ केली. "काप."

"अरे लेका, तू बार कुठे उडवलास? चुकायला आधी बंदूक झाडावी लागते."

"मी सकाळीच चुकलोय, ओट्यावर. पोरीच्या नळीत दोनदा दारू ओतली आणि गज बघायला विसरलो. तिनं पाहिलं म्हणून ती धड बसलीय इथे. मी हल्ली विसरतो, हार्लन. बऱ्याच दिवसांपासून."

कर्ट बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने तिचा डावा हात धरला. एल्वुडने खिशातल्या तीन भरलेल्या डब्या काढून तिच्या मांडीवर ठेवल्या.

हार्लनने कात्री काढली, पण कापड धरून तसाच थांबला. "अंतर काय लिहू?" त्याने हळूच विचारलं.

"हातभर," एल्वुड म्हणाला. "लिही, हातभर अंतरावरून चुकला."