खांद्यावरची लेन्स

आयुष्यभर तिनं माणसांना एकच गोष्ट सांगितली: श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका. दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या गार खोलीत भलेभले मिशीवाले तिच्यापुढे सदरा काढून शहाण्या मुलासारखे उभे राहत. गल्लीत तिला एक्सरेबाई म्हणत, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही. हातात रिकामा वेळ आला तशी तिनं कॅमेऱ्याची हातभर लांबीची लेन्स घेतली आणि तळ्यावरचे चतुर किडे टिपू लागली. “हाडं पुष्कळ बघितली,” म्हणायची, “आता उडणारं काहीतरी बघू दे.”

नवरा सलूनवाला. दुकान पुतण्याच्या हवाली केलं तेव्हा त्यानं कात्री खाली ठेवली, जीभ काही ठेवली नाही. रोज सकाळी कॅमेऱ्याची पिशवी त्याच्या एका खांद्याला, चहाचा थर्मास दुसऱ्याला, काखेत घडीचं स्टूल. तळ्याच्या वाटेवर तो बोलायचा, ती ‘हं’ म्हणायची. कधी ‘हं’ही म्हणायची नाही, तरी त्याचं काही अडायचं नाही.

मग तिच्या हातात थरथर शिरली. आधी कपबशीत वाजली, मग लेन्समध्ये दिसली. चतुर लांबूनच टिपावा लागतो. जवळ गेलं की तो उडतो, आणि अगदी जवळचं या लेन्सलाही दिसत नाही, चाळिशी लागलेल्या माणसासारखं. पण लांबून टिपायचं तर इथं हात केसभर हलला की तिथं चतुर चौकटीबाहेर. कॅमेऱ्याखाली लावायची तिवई आणून झाली. बसलेल्या चतुराला ती चालली. उडत्यामागे वळेपर्यंत तो पलीकडच्या काठाला. आणि तिला हवा होता तो उडताच. पाण्यात रोवलेल्या काठीवर बसणारा तो लालभडक, पंखांत ऊन घेऊन हवेत थबकलेला. तेवढा एक. हललेले फोटो ती जागच्या जागी पुसायची. हललेलं चित्र तिच्या लेखी काढलेलंच नव्हतं.

शेवटी तिनं बहिणीच्या मुलीला फोन केला. “रविवारी संध्याकाळी ये, लेन्स घेऊन जा. तुझे हात अजून तुझं ऐकतात.”

सलूनवाला तेव्हा लसूण सोलत होता. तो काहीच बोलला नाही. त्या घरात ही साधी गोष्ट नव्हती.

रविवारी सकाळी तळ्यावर त्यानं स्टूल मांडलं, तिच्याकडे पाठ करून बसला आणि उजवा खांदा थोपटला.

“ठेव इथं.”

“काय?”

“लेन्स. जन्मभर कात्री चालवलेला खांदा आहे, दगडासारखा.”

“दगड बोलत नाहीत.”

“नाही बोलत. बघ, गप्प.”

तिनं त्यावर पंच्याची घडी टाकली आणि लेन्स टेकवली. थरथर थांबली; जशी रडणाऱ्या लेकराची मान कुणाच्या खांद्यावर पडावी आणि रडं विरावं. चतुर काठीवर होता. ती काठीच्या शेंड्यावर नजर बांधून बसली. हा उडतो, घिरटी घेतो आणि पुन्हा त्याच शेंड्यावर येतो. टेकण्याआधी क्षणभर हवेत थांबतो. तो क्षण तिचा.

चतुर उडाला. सलूनवाल्याच्या गळ्यातून आपसूक ओवी निघाली:

“पाण्यामधी काठी, काठीवरी राणा गं,
माझ्या बाईच्या नजरेला, त्याचा बहाणा गं...”

“अहो! खांदा गातोय तुमचा!”

“बरं बरं. चुकलं.”

पुन्हा चतुर उडाला. “श्वास घ्या,” ती पुटपुटली. त्यानं घेतला. “रोखून धरा.” त्यानं धरला. चतुर वळला, आला, हवेत थबकला. तिचं बोट दाबलं गेलं. टक टक टक. आणि पुढचं सांगायला ती विसरली. पडद्यावर बघत राहिली. पुढं सलूनवाल्याचे कान लाल झाले, मान लाल झाली, शेवटी तो फस्सकन सुटला आणि तळ्याकाठचे सगळे बगळे उडाले.

“अगं बाई, मारतेस का? सोडायला सांगत नाहीस?”

ती ऐकतच नव्हती. चित्र मोठं करत होती. चतुराचे डोळे लख्ख, पायांवरची लव मोजावी इतकी लख्ख. पंखांत ऊन. कुठं हललेलं नाही.

“जमलं,” ती म्हणाली. “अहो, जमलं बघा. आता खुशाल जाऊ दे लेन्स. मन भरलं माझं.”

त्याला वाटलं होतं, जमलं की लेन्स राहील. म्हणून तर श्वास कोंडला. आणि जमलं म्हणूनच लेन्स निघाली होती. तो चहा ओतायला लागला; कप भरला तरी ओततच राहिला.

“सांडतोय.”

“सांडू दे.”

“झालं काय तुम्हाला? चतुरांचं एवढं प्रेम कधीपासून?”

“चतुर गेले खड्ड्यात.” त्यानं थर्मासचं झाकण उगाच घट्ट फिरवलं. “मग सकाळी काय करायचं? तू घरात, मी ओट्यावर. तू म्हणणार, किती बोलता. इथं तू हं म्हणतेस तरी.”

एक्सरेबाईनं त्याच्या पाठीकडे पाहिलं. माणसाच्या आतलं बघण्यात तिचा जन्म गेला होता, आणि हे तिला दिसलं नव्हतं. मग तिनं फोन काढला.

“अगं, संध्याकाळी ये, जेवायलाच ये. पण लेन्स नाही मिळायची एवढ्यात... नाही गं, हात तसेच आहेत. तुझ्या काकांचा खांदा आत्ता कुठं तयार होतोय.”

फोन ठेवून तिनं पंचा उचलला, सदऱ्याची कॉलर बाजूला करून पाहिलं. लेन्सच्या कडेचा लाल वळ उठला होता. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

“दुसरा खांदा द्या आता. आणि स्टूल जरा डावीकडे.”

“का? आता कोणता चतुर राहिलाय?”

“तिकडं बघा, निळा आलाय.”