शेवटच्या दिव्यापर्यंत

मी बारा व्होल्टची बॅटरी बोलतेय. बोलतेय कसली, विचारतेय म्हणा. कारण माझं काय चुकलं ते मला अजून उमगलेलं नाही.

कारखान्यातून निघाले ती थेट एका ऐसपैस बागेच्या घरी आले. फाटकापासून पार टोकाच्या खोलीपर्यंत वीस दिवे लावायचे होते. त्या खोलीत आत्या एकट्या राहायच्या. नजर अधू, पण बाणा कडक. दिवेलागणीला दोनदा पायरीवर अडखळल्या, तेव्हा त्यांच्या भावाने बजावलं, "पायरीवर नीट उजेड पडला तर ठीक, नाहीतर तू आमच्यात राहायला यायचंस." आत्यांना आपली खोली सोडणं जिवावर आलं होतं.

वायरमन मोठा उत्साही. मला फाटकाजवळच्या पेटीत बसवलं, वर दोन सोलर पॅनेल चढवली आणि दारावरच्या घंटीची उरलेली बारीक वायर अख्ख्या बागेतून ओढली. "बाराच तर व्होल्ट आहेत, जाड वायर हवी कशाला?"

संध्याकाळी बटण दाबलं. फाटकाजवळचे दिवे लख्ख, मधले पिवळट आणि आत्यांच्या पायरीवरचा नुसता नावापुरता. मी तर पुरते बारा दिले होते! मग वाटेत गेले कुठे? वायरमन मला टिचकी मारून म्हणाला, "हिच्यात दम नाही." फार लागलं मला ते. दिवसभर ऊन पिऊन मी गच्च भरले होते हो!

मला काढून कोपऱ्यात टाकलं. माझ्या जागी धिप्पाड नवी आली. तिच्याच्यानेही शेवटचा दिवा तसाच मिणमिणता. मी आणखीच गोंधळले. वायरमन डोकं खाजवत बसला आणि भावाने आत्यांची ट्रंक उचलली.

"ठेव ती खाली," आत्या म्हणाल्या. "लांबच्या नळाला धार बारीक येते, म्हणून कुणी टाकी बदलतं का? ती टाकलेली बॅटरी माझ्या दाराशी लावा बघू."

वायरमन ओशाळला, पण मला तिथे बसवलं, एक पॅनेल छपरावर चढवलं. वायर जेमतेम हातभर. दिवा असा पेटला की आत्या पायऱ्या उतरल्या, वर गेल्या, पुन्हा उतरल्या, कठड्याला हातही न लावता. भावाने ट्रंक परत आत नेली.

मी तीच, देतेही तेवढंच. मग कालची नालायक आज गुणाची कशी झाले, देव जाणे! एवढंच करा, मला इथून हलवू नका. इथे मी दिलेलं पोचतं.