भोकं नसलेल्या पाट्या

आमच्या गावात रस्त्याच्या पाटीला भोक नसेल, तर ती कालच लागली असं समजायचं. प्सिलोरितिस डोंगराच्या उतारावर सरकार मोठ्या हौसेनं पाट्या उभ्या करतं, आणि कुणाचं लग्न झालं, मुलगा झाला, किंवा नुसतीच रविवारची दुपार रेंगाळली, की आमचे पुरुष बंदुका काढून त्यांच्यावर नेम धरतात. लाल काठाच्या, पिवळ्या पोटाच्या त्या त्रिकोणांत मुळात काय काढलंय, याची चौकशी गावात कुणी केली नव्हती. पाट्या परक्यांसाठी असतात, असं आमचं ठाम मत.

माझं कॉफीचं दुकान चौकात आहे. कोण किती प्यायला यापेक्षा कोण कुणाच्या उपकाराखाली आहे, ते माझ्या जास्त ध्यानात राहतं. माझ्या हिशेबानं त्या वर्षी सिफिस मेंढपाळाचं घर साऱ्या गावाच्या उपकाराखाली होतं. सिफिसची नजर विझत आली होती. त्याच्या पिकअपमध्ये कोंबड्या झोपायच्या, आणि वरच्या पठारावर पाणी-चारा न्यायला रोज दुसऱ्या कुणाच्या तरी विनवण्या कराव्या लागायच्या. खालच्या गावचा व्यापारी निकिफोरोस म्हणाला, "सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला ट्रक घेऊन येतो, अख्खा कळप उचलतो." सिफिसनं अर्धा होकार दिलाही.

तेव्हा त्याची बायको गारिफालिया म्हणाली, "गाडी मी शिकते."

"बाई गं, पन्नाशी उलटली तुझी!"

"पन्नाशीच उलटली ना? गाडी नाही उलटवायची."

शेवटी ठरलं, सणाच्या आत परवाना मिळाला तर कळप राहील. नाहीतर निकिफोरोस आहेच.

शिकवायला रेथिम्नो शहरातून पोलिदोरोस यायचा. तरुण, केसांना तेल, आवाजात मध. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर त्यानं चित्रांचं पुस्तक उघडलं.

"काकू, ही कसली खूण?"

"खालच्या झऱ्याचं वळण."

"नुसतं वळण. कुठलंही. बरं, ही?"

"ही माहितीये, थेओहारिसच्या वाड्याजवळची. दगड पडतात तिथली. पण हिला तीन भोकं हवीत."

पोलिदोरोसनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यापुढे राकी दारूचा पेला सरकवला. बाईला सगळ्या पाट्या तोंडपाठ होत्या, पण शेजारणींसारख्या. प्रत्येकीचं घर ठरलेलं. तीच पाटी दुसरीकडे दिसली की तिला वाटे, ही इथं कशाला आली?

वसंतात ढग रस्त्यावर उतरतात, तेव्हाची एक फेरी मला आठवते. सिफिस हट्टानं मागच्या सीटवर बसला होता. बायकोला त्या तेलकट पोरासोबत एकटी सोडायला तो तयार नव्हता. आणि सिफिसवर नजर ठेवायला मी. काचेपलीकडे नुसतं दूध पसरलेलं. त्या दुधातून एकेक त्रिकोण तरंगत वर यायचा, भोकांतून पांढरा उजेड गळायचा आणि पुन्हा बुडायचा. वारा आला की पाट्या शिट्टी वाजवायच्या, कुणी जाड, कुणी बारीक. सिफिस डोळे मिटून ऐकत होता.

"ही शिट्टी माझ्या गोळीची. पुतण्याच्या बाप्तिस्म्याची. म्हणजे आपण चिंचोळ्या खडकाशी आलो."

"आपण कुठं आहोत ते कळलं," गारिफालिया पुढं बघत म्हणाली, "पुढं काय आहे ते सांगा की."

तिनं गाडी हळू केली.

"मास्तर, पाटी म्हणजे असं का, की कुणीतरी पुढं जाऊन आलंय, आणि मागच्याला हाक मारतंय?"

"तसंच, काकू," पोलिदोरोस म्हणाला. ढगात इंजिनाचा आवाजसुद्धा मऊ झाला होता.

त्यानंतर तिला दुपारच्या झोपेत स्वप्नं पडू लागली. पाटीवरची गाय खाली उतरायची आणि गाडीपुढे संथ चालायची. घसरड्या रस्त्याच्या पाटीवरची ती इवली मोटार शेपटीसारख्या दोन रेघा ओढत ऑलिव्हच्या शेंड्यांवरून निघून जायची. कॉफी घेता घेता ती हे सांगायची आणि आम्ही हसायचो. मला मात्र हसताना जरा हेवा वाटायचा. आमच्या स्वप्नांत एवढी वाहतूक नव्हती.

जूनमध्ये ती नापास झाली. शहराबाहेर गायीची पाटी दिसली तशी तिनं गाडी उभी करून इंजिन बंद केलं.

"काय झालं, बाई?" परीक्षकानं विचारलं.

"गाय यायचीय."

थांबले म्हणे सगळे. टोळ किरकिरत होते, वाळक्या गवतावरून वारा गेला. गाय काही आली नाही.

"काकू, पाटी 'येईल' म्हणते, 'आलीच' असं नाही," पोलिदोरोसनं परतताना समजावलं. "तुम्ही हळू व्हायचं, थांबायचं नाही."

दुसरी तारीख मिळाली ती थेट सणाच्या आदल्या दिवसाची. कोंबड्या उठवून, पिकअप धुऊन मी नवरा-बायकोला घेऊन रेथिम्नोला गेलो. दुपारी ती कचेरीतून बाहेर आली, हातात तात्पुरता परवाना. तिनं माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली आणि मधल्या जागेवर सरकलो.

गावाखालच्या चढावर संध्याकाळचा ढग रस्त्याला टेकला होता. पुलाअलीकडे रस्त्याचे दोन्ही काठ जवळ येत असल्याची पाटी आहे. तिला गोळ्यांची चाळण झालीय, तरी गारिफालियानं गिअर उतरवला. तेवढ्यात समोरून दोन पिवळे दिवे आले. निकिफोरोसचा रिकामा ट्रक. पठ्ठ्या एक दिवस आधीच आला होता आणि घराला कुलूप बघून परत निघाला होता. त्यानं भोंगा दाबला.

"वहिनी, मागं घ्या!"

"चढणाऱ्याला आधी वाट. तुम्ही घ्या मागं."

"अहो, तुमच्याच मेंढ्या न्यायला आलोय!"

"म्हणूनच म्हणते, मागं घ्या."

"घे गं मागं," सिफिस पुटपुटला, "त्याचा ट्रक मोठा आहे."

तिनं ब्रेकवरचा पाय हलवला नाही. हात चाकावर, नजर समोर. ढग खिडकीतून आत आला, माझ्या मिशीला ओल लागली. सिफिस तिच्या बाजूला तोंड करून बसला होता. त्याला काय दिसलं असेल, देव जाणे. मग तो वळला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कळपाला घालतात तशी हाळी घातली.

"निकिफोरोस! बाई काय म्हणते ऐकलं नाहीस? मागं घे!"

भोंगा थांबला. ट्रक कण्हत कण्हत उलटा चढू लागला. त्याचे दिवे आधी फिके, मग दुधाळ झाले, आणि ढगानं ते गिळून टाकले. गारिफालियानं थोडी वाट पाहिली, मग पहिला गिअर टाकला.